वहीतला ‘वरचा सा’

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की काय हाती लागेल सांगता येत नाही. यंदा आमच्या जतच्या घरी माळ्यावरून एक चेपलेली परात, लेकीचं लहानपणचं झबलं आणि एक दोनशे पानी वही खाली आली. वहीच्या पहिल्या पानावर दुधाचा हिशेब. दुसऱ्यावर शेंगदाण्याच्या चटणीचं प्रमाण. आणि तिसऱ्या पानापासून पुढं पट्टीनं आखलेले पाच रकाने! वर नावं : कार्तिकी, प्रथमेश, आर्या, मुग्धा, रोहित. खाली म, प, ध, नी असली अक्षरं. मधेमधे लाल शाईनं ‘वरचा सा!!’, दोन-दोन उद्गारचिन्हांसकट.

लेक पुण्याहून सुट्टीला आली होती. ती तिथंच शिडीखाली फतकल मारून बसली. “आई, हे आपण लिहायचो?”

“आपण कुठलं? तू सांगायचीस, मी लिहायचे आणि तुझी आजी भांडायची,” मी म्हटलं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींना एव्हाना कळलं असेल. झी मराठीवरचं ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’. २००८ साली सुरू झालं आणि ८ फेब्रुवारी २००९ ला, रविवारी, त्याची महाअंतिम फेरी झाली. पल्लवी जोशी निवेदन करायच्या. परीक्षक होते अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. शाळकरी मुलं गायची आणि त्यांना शंभरपैकी इतके असे मार्क नाही, तर सूर मिळायचे. कुणाला ‘ध’, कुणाला ‘नी’, आणि फारच बहार झाली तर ‘वरचा सा’. शेवटी पाच जण उरले. त्या पाचांनाही एकत्र महाअंतिम फेरीत घेतलं आणि लोक त्यांना ‘पंचरत्न’ म्हणू लागले.

बघा ना, यातलं एकही मूल मुंबईचं नव्हतं. कार्तिकी गायकवाड आळंदीची. प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा. मुग्धा वैशंपायन अलिबागची, सगळ्यांत धाकटी, तिला ‘लिटल मॉनिटर’ म्हणायचे. रोहित राऊत लातूरचा. आर्या आंबेकर पुण्याची. आपल्यासारख्या गावातली, आपल्यासारखी बोलणारी पोरं टीव्हीवर येऊन गातात, हेच आम्हाला नवं होतं. तोवर टीव्हीवर दिसायचं ते मुंबईचं, नाहीतर फार तर पुण्याचं, अशी आमची पक्की समजूत!

आता जतचं सांगते. सांगली जिल्ह्याचं हे अगदी पूर्वेचं टोक. पलीकडं कर्नाटक. पाऊस कमी, उन्हाळ्यात टँकर, आणि गल्लीत निम्मी घरं मराठी बोलणारी तर निम्मी कानडी. पाण्याची वाट बघायची आम्हाला सवयच होती. २००८ साली त्यात लायटीची भर पडली. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि ते कापून आम्ही देवघराशेजारी चिकटवायचो. एकादशी कधी हे एक वेळ विसरायला व्हायचं, पण या आठवड्यात संध्याकाळची लाईट कधी जाणार हे गल्लीतल्या प्रत्येकीला पाठ!

आमच्या घरी रंगीत टीव्ही होता आणि छपरावर डिशची छत्री होती. धाकट्या दिरांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, मोठा खटपट्या. त्यानं ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणून ती एका छोट्या इन्व्हर्टरला जोडली. बॅटरीवर फक्त टीव्ही आणि डिशचा डबा. पंखा नाही, दिवा नाही. अंधारात टीव्हीच्या उजेडात बसायचं. मग काय, लाईट गेली की गल्लीतल्या बायका आमच्याकडं. कुणी ताटातलं तसंच झाकून यायची, कुणी लेकराला खांद्यावर टाकून. एकीनं तर भाकरी थापायचं पीठ परातीसकट आणलं होतं. “तुझ्या चुलीवर थापते, पर आज प्रथमेश चुकवायचा न्हाई,” म्हणाली.

प्रत्येकीचं माणूस ठरलेलं. माझं मत आर्याला. धाकट्या जाऊबाई रोहितवर खूश. लेक तेव्हा चौथीत, तिला मुग्धाच हवी, कारण मुग्धा तिच्याच वयाची. आमचे हे पेपर तोंडासमोर धरून बसायचे, पण प्रथमेशचं नाट्यगीत सुरू झालं की पेपर हळूच खाली. सांगली ही नाट्यपंढरी ना! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, हे आमच्या यांनी दर आठवड्याला एकदा तरी ऐकवायचंच.

आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, फक्त कार्तिकीच्या. “आळंदीची हाय ती. माऊलीच्या दारची पोर. तिला कोण हरीवतंय?” बस्स. आर्याला ‘वरचा सा’ मिळाला आणि कार्तिकीला ‘नी’, तर वहीत तसं लिहूच द्यायच्या नाहीत. “परीक्षकाला काय कळतंय? लिव्ह तू वरचा सा.” म्हणून वहीत कार्तिकीच्या रकान्यात जरा जास्तच लाल शाई आहे, हे इथं कबूल करते.

शेजारच्या अक्का कानडी. मराठी समजायचं, बोलताना मात्र निम्मं कानडी. त्यांच्याकडं एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा ‘एदे तुंबी हाडुवेनु’ हा कानडी मुलांच्या गाण्याचा कार्यक्रम लागायचा. त्यामुळं त्या आमच्याकडं एखाद्या जाणकार पाहुण्यासारख्या बसायच्या. गाणं आवडलं की डोळे मिटून म्हणायच्या, “भाळ चलो!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लेक चप्पल शोधायला लागली. “अक्का कुठं चला म्हणताहेत?” कानडीत त्याचा अर्थ ‘फार छान’. त्या दिवसापासून आमच्या घरात काहीही चांगलं झालं, की ‘भाळ चलो’!

एसएमएसची तर निराळीच मजा. मत द्यायचं तर मोबाइलवरून, आणि त्या मेसेजला साध्या मेसेजपेक्षा जास्त पैसे कापले जायचे. घरात मोबाइल एकच, तोही यांच्या खिशात. आम्ही दोघी जावांनी भिशीतून दहा-दहा रुपये बाजूला काढून रिचार्ज मारलं होतं. घरातल्या कुणाला न सांगता, स्वतःच्या मनानं, स्वतःच्या पैशानं मत द्यायचं. आता हसू येतं. पण तेव्हा मतदानाला जाताना सुद्धा घरातून निघताना ‘कुणाला द्यायचं’ ते ऐकूनच बायका निघायच्या. त्या मानानं ते दहा रुपयांचं मत आमचं होतं.

त्याच हंगामात नोव्हेंबर उजाडला. २६ तारखेला मुंबईवर हल्ला झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली. ते तीन-चार दिवस टीव्हीवर बातम्यांशिवाय दुसरं काही बघवत नव्हतं. गल्लीतल्या दोघींची मुलं मुंबईला नोकरीला, त्यांचे फोन लागेनात. बायका तेव्हाही आमच्याच घरी जमायच्या, त्याच अंधारात, त्याच बॅटरीवर. पण कुणी बोलायचं नाही. नंतर मुलांचे फोन आले, सगळी सुखरूप. डिसेंबरात यल्लम्मादेवीची यात्रा भरली, पाळणे लागले. आणि पुन्हा जेव्हा ती पोरं टीव्हीवर गायला उभी राहिली तेव्हा, खरं सांगते, गाणं सुरू व्हायच्या आधीच आम्ही डोळ्यांना पदर लावला होता.

वही चाळता चाळता हे सगळं मी लेकीला सांगत होते. ती एकदम म्हणाली, “आई, तारीख काय म्हणालीस? आठ फेब्रुवारी? थांब, तुला एक गोष्ट सांगते.”

तिनं सांगितली ती गोष्ट अमेरिकेची. बीटल्स म्हणून इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या गावातली चार पोरं होती. गिटार आणि ड्रम घेऊन रॉक संगीत करायची. ९ फेब्रुवारी १९६४ ला ती अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्यांदा थेट गायली, एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात. तोही रविवारच! समोर बसायला जागा ७२८ आणि तिकिटं मागणारे ५० हजार. घराघरांतून बघणारे सुमारे ७ कोटी ३० लाख. त्याआधी अडीच महिन्यांवर, २२ नोव्हेंबर १९६३ ला, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. देश सुतकात होता. त्या सुतकातून बाहेर पडायला त्या रात्रीच्या गाण्यांनी हात दिला, असं तिकडचे लोक अजून सांगतात. चौघांचे चेहरे दाखवताना खाली नावं येत होती आणि जॉन लेनन याच्या नावाखाली लिहिलं होतं की मुलींनो, माफ करा, याचं लग्न झालंय! पुढं याच चौघांनी १९६८ साली ऋषिकेशला येऊन मुक्काम केला, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

“आणि आई,” लेक म्हणाली, “त्या रात्रीच्या आठवणी सांगणारे लोक गाण्याबद्दल थोडंच बोलतात. कोण कुठं बसलं होतं, वडील कसे नाक मुरडत होते, आई काय म्हणाली, टीव्ही कुणाच्या घरचा होता, हेच सांगतात. टॉम पेटी, बिली जोएल यांच्यासारखे पुढं मोठे झालेले गायकसुद्धा सांगतात की त्या रात्री टीव्हीसमोर बसलो होतो, आणि तेव्हाच ठरवलं.”

मी म्हटलं, “मग आपलं काय वेगळं आहे?” कुठं अमेरिका, कुठं जत. पण आठ फेब्रुवारीला आमच्या घरी जे झालं, त्यातलंही गाणं मला थोडंच आठवतंय. बाकीचं सगळं लख्ख आठवतंय.

तो रविवार म्हणजे द्राक्षांच्या तोडीचे दिवस. बायका दिवसभर बागेत राबून आल्या होत्या. तरी संध्याकाळी आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्यांनी सकाळीच ज्ञानेश्वरीच्या पोथीपुढं नारळ ठेवला होता. मी मोठ्या पातेल्यात चहा टाकला. लाईट होती. सगळ्या म्हणाल्या, आज देव पावला!

कार्यक्रम निम्म्यावर आला आणि लाईट गेली. कुणी बोललंसुद्धा नाही, पुतण्यानं बॅटरी जोडली, चित्र परत आलं. मुलं गायली, पाहुणे बोलले, जाहिराती झाल्या, पुन्हा मुलं गायली. महाअंतिम फेरी ती, लवकर कशाला संपतेय! बॅटरी मात्र जुनी. आधी चित्र चारी बाजूंनी आक्रसलं. मग इन्व्हर्टर ‘टीं टीं’ करायला लागला. आणि आता निकाल, असं म्हणेपर्यंत टीव्ही बंद!

कल्पना करा, मैत्रिणींनो. चाळीसएक बाया, मिट्ट काळोख, आणि जिंकलं कोण ते ठाऊक नाही!

यांनी पुण्याच्या नणंदेला फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, तर तिकडं एवढा गलका की काही ऐकू येईना. शेवटी हे ओरडून म्हणाले, “एकदा नाव सांग की गं!” आणि मग आमच्याकडं वळून, अंधारातच, “कार्तिकी.”

एकच गिल्ला झाला. रोहितवाल्या, आर्यावाल्या सगळ्या विसरून टाळ्या पिटायला लागल्या. कुणीतरी मोबाइलचा उजेड आत्यांच्या तोंडावर धरला. त्या रडत होत्या. हसत पण होत्या. आणि मग त्यांनी त्या अंधारात गवळण म्हणायला सुरुवात केली.

इथं थोडं मागं जायला हवं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आत्यांचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. टीव्हीवर कार्तिकी गायला लागली की त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज नाही. एकदा दुपारी शेंगा फोडताना मी सहज विचारलं, “आत्या, तुम्ही म्हणत होता का हो गाणी?” तर म्हणाल्या, “म्हायेरी लई म्हणायची. जात्यावर बसलं की धा-पंधरा वव्या सरायच्या न्हाईत. हितं आल्यावर पयल्याच आठवड्यात पहाटं दळताना म्हणत हुते. सोप्यात पावनं झोपल्यालं. थोरल्या दिरानं आत निरोप धाडला, घरात काय तमाशा लावलाय? तवापासनं तोंड मिटून दळलं बघ. पुढं गिरणी आली. सुटलं.”

सुटलं म्हणाल्या. दळण सुटलं की गाणं, ते मी विचारलं नाही.

तर त्या रात्री त्या गायल्या. सत्तरीचा आवाज. सुरुवातीला फाटला, मग लागला. पोरं गप्प झाली. अक्का आपल्या जागेवरून सरकत सरकत त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी मांडीवर ताल धरला. एक कडवं झालं, दुसरं झालं. मामंजी बाहेर कट्ट्यावर बसले होते. एवढं आठवल्यावर आत्या मधेच थबकल्या. सगळ्याच थबकल्या. अंधारात आम्हाला एकमेकींची तोंडं दिसत नव्हती, पण प्रत्येकीच्या मनात तेच.

बाहेरून मामंजींचा आवाज आला. “का थांबलीस? म्हण की फुडं.”

मग तासभर गाणी झाली. आत्यांची झाली, अक्कांची कानडी झाली, एकीनं पंचमीची फेर धरायची गाणी काढली. लाईट किती वाजता आली मला आठवत नाही. आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “घालवा ती!”

ही आमची महाअंतिम फेरी. कार्तिकीच्या हातात बक्षीस देताना आम्ही कुणीही बघितलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांत गल्लीतल्या पाच मुलींनी गाण्याचा क्लास लावला. त्यात आमची लेकही. मला वाटतं, त्या वर्षी महाराष्ट्रात कितीतरी गावांत असंच झालं असेल. आमच्याकडं सेकंडहँड पेटी आली. संध्याकाळी सारेगम सुरू झालं की आत्या माळ घेऊन शेजारी बसायच्या. सूर लागला नाही तर ‘च्’ करायच्या, लागला तर मान हलवायच्या. लेक म्हणायची, आजी परीक्षक!

पण मैत्रिणींनो, सगळं गोडगोडच सांगितलं तर ते खरं होणार नाही. २०१२ साली दुष्काळ पडला. आमची डाळिंबाची बाग. टँकरनं पाणी घालून झाडं जगवायची तर पैसा कुठून आणायचा? घरात एकेक खर्च कमी व्हायला लागला. आधी डिश गेली. मग क्लास. पेटी विकली त्या दिवशी लेक शाळेत होती. मुद्दामच तो दिवस निवडला होता. संध्याकाळी ती आली, कोपऱ्यात बघितलं आणि काही न बोलता दप्तर टेकवून अभ्यासाला बसली. ती ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. मुलाचा क्लास असता तर बंद केला असता का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. आता विचारते. उत्तर मला आवडत नाही.

त्या दिवशी वही मांडीवर घेऊन बसलेल्या लेकीला मी एवढ्या वर्षांनी विचारलं, “राग आहे का गं माझ्यावर?”

ती म्हणाली, “थोडा आहे.” आणि मग, “पेटीचा नाही. न सांगता विकल्याचा.”

मी गप्प बसले. काय बोलणार? तीही गप्प बसली. मग तिनंच सांगितलं की पुण्यात गेल्या वर्षापासून ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोनदा ती गाणं शिकायला जाते. मला सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं वहीची शेवटची पानं उलटत तिनं विचारलं, “आजीची गाणी कुठं आहेत?”

“कसली?”

“त्या रात्रीची. आणि नंतर मला पेटीशेजारी बसून सांगायची ती. लिहिली असशील ना कुठंतरी? एवढं कार्तिकीचं, मुग्धाचं सगळं लिहिलंयस.”

मी वही तिच्या हातातून घेतली. पुढून मागून सगळी बघितली. कोणत्या तारखेला कुणाला ‘नी’ मिळाला ते होतं. दुधाचा हिशेब होता. चटणीचं प्रमाण होतं. आत्यांची एक ओळसुद्धा नव्हती. आत्या २०१७ साली गेल्या. मोबाइल घरात तीन होते तोवर. त्यांच्या आजारपणाचे फोटो आहेत, नातवाच्या बारशात त्या बसल्यात तो व्हिडिओ आहे, पण त्यात बँजो वाजतोय. आवाज नाही. गवळणीचं पहिलं कडवं मला अर्धंमुर्धं येतं. लेकीला चाल येते, शब्द नाहीत. मायलेकी दोघी मिळूनही एक गाणं पुरं होत नाही.

आता कुणी म्हणेल, म्हातारीच्या गाण्यात असं काय मोठं? तर ऐका. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी सारा जन्म बायकांच्या तोंडची गाणी, ओव्या, उखाणे गोळा करण्यात घालवला. त्या गेल्या २००८ साली, म्हणजे आम्ही वहीत रकाने आखत होतो त्याच वर्षी! पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉईटव्हिन यांनी खेडोपाडी कार्यकर्त्या पाठवून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ज्या बायकांना घरात कुणी ‘म्हण’ म्हणालं नाही, त्यांच्या ओव्या आता त्यांच्या नावानिशी, गावानिशी जपून ठेवल्यात. आमच्या आत्या त्यांच्यात नाहीत. त्यांचं नाव लिहायला बाहेरून कुणी यायची गरजच नव्हती. वही घरात होती, पेन घरात होतं.

ती पाच मुलं आता मोठी झाली. कार्तिकीचं लग्न झालं, रोहितचं झालं. रोहित ‘इंडियन आयडॉल’मध्ये उपविजेता झाला. आर्या ‘ती सध्या काय करते’ या सिनेमात दिसली. पाचांत येऊ न शकलेली त्याच पर्वातली केतकी माटेगावकर पुढं ‘शाळा’ आणि ‘टाइमपास’मुळं घराघरांत पोचली. म्हणजे बाद झाली म्हणून काही संपत नाही, हे आम्ही आमच्या पोरींना अजून सांगतो. २०२१ साली, कोरोनाच्या दिवसांत, लिटल चॅम्प्स पुन्हा सुरू झालं तेव्हा हेच पाच जण परीक्षकांच्या जागी बसले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं, तेव्हा आमच्या गल्लीत असा आनंद झाला, जणू दोन्हीकडचं वऱ्हाड आमचंच! पीठ घेऊन आलेली ती शेजारीण फोन करून म्हणाली, “वैनी, आपली पोरं लग्नाला आली की ओ!”

आपली पोरं. त्यांना आम्ही कधी प्रत्यक्ष बघितलेलं नाही. पण त्यांच्या गाण्यामुळं आमच्या घरात एका बाईचं पन्नास वर्षं मिटलेलं तोंड उघडलं, हे त्यांना ठाऊकही नाही.

तर मैत्रिणींनो, हे एवढं लांबण लावलं ते कशासाठी? तुमच्या घरात सासू असेल, आई असेल, शेजारी कुणी आजी असेल. त्यांना विचारा, काय म्हणत होता तुम्ही जात्यावर, पंचमीला, डोहाळजेवणाला, पाळण्यापाशी? पहिल्यांदा ‘आता कुठलं आठवतंय’ म्हणतील. सोडू नका. शेंगा फोडत बसा, भाजी निवडत बसा आणि विचारा. मोबाइल शेजारी ठेवून रेकॉर्डिंग लावा, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. गाणं कुणाकडून आलं, माहेर कुठलं, कधी म्हणायचे, तेही विचारा. आणि शब्द वहीत उतरवा, कारण मोबाइल बिघडतो, हरवतो.

आम्ही सुरुवात केली. अक्का आहेत अजून. ऐंशी पार केली, ऐकायला कमी येतं, पण आवाज आहे. दिवाळीच्या पाडव्याला लेक आणि मी त्यांच्याकडं जाऊन बसलो. आधी नाहीच म्हणाल्या. मग एक म्हटलं, मधेच विसरल्या, परत पहिल्यापासून म्हटलं. लेकीनं मोबाइलवर त्यांना ऐकवलं. अक्का कानाशी धरून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाळ चलो! कोण गं ही?”

“तुम्हीच की अक्का!”

विश्वास बसेना. पुन्हा ऐकलं. लेकीनं तीच जुनी वही काढली. शेवटची काही पानं कोरी होती. तिनं वर अक्कांचं नाव लिहिलं, खाली माहेरचं गाव, तारीख, आणि कानडी शब्द मराठी अक्षरांत. कोपऱ्यात लाल शाईनं ‘वरचा सा’ लिहायला गेली, तर अक्कांनी विचारलं, काय लिवतीस? तिनं सांगितलं.

अक्का म्हणाल्या, “त्ये ऱ्हाऊ दे. चहा ठेव. अजून येक आठवतंय.”